निर्णय चौथ्या आठवड्यात, गोळी चौथ्या महिन्यात

सोनोग्राफीचा अहवाल हातात पडतो. गर्भ अठरा-वीस आठवड्यांचा असतो आणि अहवालात बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष असल्याचे लिहिलेले असते. डॉक्टर जमेल तसे समजावून सांगतात. खोलीबाहेर आल्यावर मात्र बोलणे वेगळ्याच वळणावर जाते. सासूबाईंना ग्रहणाचा दिवस आठवतो; नको नको म्हणत असताना ही विळीवर भाजी चिरायला बसली होती. नणंदेला तिसऱ्या महिन्यातला एसटीचा प्रवास आठवतो. नवरा खाली मान घालून अहवालाची घडी करत असतो, आणि जिच्या पोटात बाळ आहे ती गप्प असते. सरकारी रुग्णालयांत प्रसूतिपूर्व तपासणीच्या ओपीडीबाहेर हे दृश्य नवे नाही.

विळी निर्दोष आहे आणि एसटीही. तिसऱ्या महिन्यात ती बस खड्ड्यांतून आदळत होती, तेव्हा त्या बाळाच्या कण्याचे काय व्हायचे ते ठरून महिना होत आला होता. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवसापर्यंत मिटते. ती मिटायची राहिली, तर पुढचे आठ महिने कितीही जपले तरी ती आपसूक मिटत नाही. हा निर्णय आई घेत नाही आणि डॉक्टरही घेत नाहीत. तो पेशी घेतात. त्या तो कसा आणि विशेषतः कधी घेतात, हे नीट पाहिले तर आईवर येणारा दोष किती खोटा आहे ते कळते. त्याचबरोबर आरोग्यसेवा तिच्यापर्यंत किती उशिरा पोहोचते, हेही कळते.

माणसाची सुरुवात एका फलित पेशीपासून होते. तिच्यापासून त्वचा, यकृत, हाडे, मेंदू असे सगळे तयार होते, आणि यातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या टॅडपोलच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक काढून ते केंद्रक नष्ट केलेल्या अंड्यात घातले. त्यातल्या काही अंड्यांतून चक्क पोहणारे टॅडपोल तयार झाले. आतड्याच्या पेशीने आतडे व्हायचे ठरवले म्हणून तिने बाकीची पाने फाडून टाकलेली नव्हती, फक्त मिटून ठेवली होती. या कामासाठी गर्डन यांना नोबेल मिळाले ते २०१२ मध्ये, पन्नास वर्षांनी. पोथी सगळ्यांकडे एकच असेल, तर कोणी कोणते पान वाचायचे हे सांगतो कोण?

हा वाद जुना आहे. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म रू यांनी १८८८ मध्ये बेडकाच्या दोन पेशींच्या गर्भातली एक पेशी तापलेल्या सुईने मारली. उरलेल्या पेशीपासून अर्धाच गर्भ तयार झाला. त्यांना वाटले, प्रत्येक पेशी आपली पत्रिका जन्मतःच घेऊन येते. तीन वर्षांनी हान्स ड्रीश यांनी सी-अर्चिन या काटेरी समुद्रप्राण्याच्या गर्भावर जवळपास हाच प्रयोग केला, पण पेशी मारली नाही. दोन पेशी हलवून एकमेकींपासून सुट्या केल्या. प्रत्येकीपासून आकाराने लहान, पण पूर्ण डिंभ तयार झाला. रू यांच्या प्रयोगात मेलेली पेशी जिवंत पेशीला तशीच चिकटून राहिली होती. शेजारी कोणी आहे असे समजून जिवंत पेशीने आपल्या वाट्याचे अर्धे काम केले. शेजारीच नाही असे कळल्यावर ड्रीश यांच्या पेशीने सगळे काम अंगावर घेतले. पत्रिकेचा सिद्धांत तिथेच डळमळला.

पेशी आपले ठरवताना शेजार पाहते, आणि हे माणसाच्या गर्भातही अगदी पहिल्या आठवड्यात घडते. पेशींचा लहानसा गोळा झाला की काही पेशी बाहेरच्या बाजूला येतात आणि काही आत राहतात. बाहेरच्या पेशींपासून वारेचा मोठा भाग बनतो, बाळ बनते ते आतल्या पेशींपासून. उंदराच्या गर्भावर काम करणारे पोलंडचे आंजेय तारकोव्स्की आणि त्यांच्या सहकारी यांनी १९६७ मध्ये ही कल्पना मांडली. आतली पेशी अधिक गुणवान असते असे मुळीच नाही. ती आत आहे, एवढेच. या टप्प्यावर तिला बाहेर आणून ठेवले, तर ती मुकाट्याने वार बनायला लागते.

महाबळेश्वरला पाऊस पडतो तेव्हा असेच होते. एक थेंब कृष्णेत गेला तर आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. वीतभर पलीकडे पडलेला थेंब सावित्रीत उतरला, तर कोकणातून अरबी समुद्रात जातो. दोन्ही थेंबांत फरक काहीच नसतो. मात्र वाईच्या पुढे गेलेल्या पाण्याला आता कोकणात जायचे म्हटले तरी जाता येत नाही. इंग्लंडच्या कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९५७ मध्ये पेशींच्या निर्णयांचे जे चित्र काढले, ते या घाटमाथ्यासारखेच होते. उतारावर एक चेंडू आहे, पुढे दऱ्यांना फाटे फुटत जातात आणि प्रत्येक फाट्यावर परतीची वाट अवघड होत जाते.

ती वाट बंद होते कधी, हे जर्मनीच्या हान्स श्पेमान यांनी दाखवले. त्यांचे प्रयोग न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या गर्भावर होते आणि हत्यारे म्हणजे काचेच्या बारीक सुया व तान्ह्या बाळाच्या केसाचा फास. मज्जासंस्था होऊ घातलेला एक तुकडा त्यांनी काढला आणि जिथे त्वचा व्हायची तिथे बसवला. गर्भ अगदी कोवळा असताना हे केले, तर तो तुकडा निमूटपणे त्वचा झाला. तोच प्रयोग थोड्या पुढच्या अवस्थेतल्या गर्भावर केला, तर तुकड्याने नवा शेजार मानलाच नाही. पोटाच्या त्वचेतही तो मज्जासंस्थाच होत राहिला. मधल्या काळात त्याने ठरवून टाकले होते. श्पेमान यांनी हे १९१८ मध्ये प्रसिद्ध केले. पेशीचा कान ठरावीक काळच उघडा असतो. त्या काळात सांगितलेले ती ऐकते, नंतर ओरडून सांगितले तरी नाही.

त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मान्गोल्ड हिने पुढचा प्रश्न विचारला: हे सांगणारे कोण? न्यूटच्या कोवळ्या गर्भात एका विशिष्ट जागी असलेला इवलासा तुकडा काढून तिने दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला. तिथे दुसरा पाठीचा कणा, दुसरी मज्जानलिका असा जणू जोडीचा गर्भच उभा राहिला. दोन गर्भ वेगवेगळ्या रंगांच्या जातींचे होते, त्यामुळे कोणती पेशी कोणाची ते ओळखता येत होते. नव्या मज्जानलिकेतल्या बहुतेक पेशी यजमान गर्भाच्याच होत्या. म्हणजे बसवलेला तुकडा स्वतः सगळे बनला नाही. त्याने आजूबाजूच्या पेशींना कामाला लावले. १९२४ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी घरातल्या स्वयंपाकाच्या उपकरणाच्या स्फोटात भाजून हिल्डेचा मृत्यू झाला. ती २५ वर्षांची होती. श्पेमान यांना १९३५ चे नोबेल मिळाले, आणि आजही पाठ्यपुस्तकांतून कित्येक जण हा प्रयोग त्यांच्याच नावाने पाठ करतात.

तो तुकडा शेजाऱ्यांना नेमके काय सांगत होता, हे कळायला १९९० चे दशक उजाडले. सगळ्यांना वाटत होते, ‘मेंदू हो’ असा आदेश देणारा एखादा रेणू सापडेल. सापडले ते उलटेच. गर्भाच्या वरच्या थरातल्या पेशींना ‘त्वचा व्हा’ असा निरोप आजूबाजूने सतत येत असतो. नॉगिन, कॉर्डिन ही त्या तुकड्यातून पाझरणारी प्रथिने तो निरोप अडवतात. ज्या पेशींपर्यंत निरोप पोहोचत नाही, त्या मज्जासंस्थेकडे वळतात. आदेश देण्यापेक्षा कानावर हात ठेवणे हे इथे मोठे काम ठरले.

माणसाच्या गर्भात ही सगळी धावपळ तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात होते. पाठीच्या बाजूला पेशींची एक चपटी पट्टी तयार होते. तिच्या कडा उचलल्या जातात. पुरणपोळी उंड्याभोवती मिटत आणावी तशा त्या मध्यरेषेवर एकमेकींना भेटतात आणि नळी तयार होते. यासाठी पट्टीतल्या काही पेशींना आपला आकार बदलून पाचरीसारखे व्हावे लागते आणि सगळ्यांनाच भराभर विभाजन पावावे लागते. वरचे तोंड साधारण २५ व्या दिवशी मिटते, खालचे २८ व्या दिवसापर्यंत. वरचे उघडे राहिले तर मेंदू आणि कवटी नीट होतच नाही आणि असे बाळ जगत नाही. खालचे राहिले तर स्पायना बिफिडा: पाठीवर उघडी जखम किंवा फुगा, पायांत ताकद नाही, लघवी-संडासवर ताबा नाही, बऱ्याचदा डोक्यात पाणी साचते. भारतात झालेल्या अभ्यासांचे एकत्रित अंदाज हजार जन्मांमागे चारच्या आसपास असे दोष सांगतात.

आता हे दिवस घरच्या कॅलेंडरवर मांडून पाहावेत. गर्भधारणा पाळीनंतर साधारण चौदाव्या दिवशी होते. पुढची पाळी चुकते तेव्हा गर्भ दोन आठवड्यांचा झालेला असतो. बाई आठवडाभर वाट पाहते, मग मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणते किंवा आणवते. तोवर तीन आठवडे. घरात सांगणे, दवाखाना, नोंदणी यांत आणखी दिवस जातात. नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी, असे सरकारी उद्दिष्ट आहे. बारा आठवडे हे शेवटच्या पाळीपासून मोजायचे. मज्जानलिका मिटते तेव्हा या हिशेबाने सहावा आठवडा असतो. म्हणजे उद्दिष्ट शंभर टक्के गाठूनही कार्ड बनेपर्यंत मज्जानलिकेचा निकाल लागलेला असू शकतो.

पेशींचा कान उघडा असताना चुकीचा निरोप गेला तर काय होते, हे जगाने थॅलिडोमाइडमध्ये पाहिले आहे. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये बाजारात आलेले हे झोपेचे औषध गरोदर स्त्रियांना मळमळीसाठीही दिले गेले. १९६१ च्या शेवटी ते मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक मुले अपंग जन्मली. गर्भधारणेनंतरच्या साधारण २० ते ३६ दिवसांत घेतलेली गोळी घातक ठरली. त्यातही सुरुवातीच्या दिवसांत घेतली तर कान, नंतर हात, त्याहून नंतर पाय. औषध तेच, घेणाऱ्या बाईचे शरीर तेच, बदलली होती फक्त तारीख.

ही फक्त जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. मुरुमांसाठी तरुण मुलींना दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे रेटिनॉइक ॲसिडचेच एक रूप आहे. गर्भातल्या पेशी आपण डोक्याच्या बाजूला आहोत की शेपटाच्या, हे याच रेणूच्या कमी-जास्त प्रमाणावरून ओळखतात. गर्भ राहिल्यावर ही गोळी पोटात जाणे म्हणजे प्रत्येक पेशीला चुकीचा पत्ता देणे. फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट मज्जानलिकेच्या दोषाची शक्यता एक ते दोन टक्क्यांपर्यंत नेते. ही औषधे लिहिताना ‘लग्न ठरले आहे का, दिवस राहण्याची शक्यता आहे का’ हा प्रश्न विचारला जात नाही, ही डॉक्टरांचीच चूक आहे. अर्थात फिट्सच्या रुग्णाने गोळी मनाने बंद करणे त्याहून धोक्याचे. ती डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्यावी लागते.

बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत मात्र प्रश्न औषधाचा नसतो, कमतरतेचा असतो. आणि ती कमतरता ओळखण्याच्या इतिहासाचे एक पान मुंबईचे आहे. ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये इथे आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गरोदर गिरणी कामगार स्त्रियांमधल्या जीवघेण्या पांडुरोगाचा अभ्यास केला. लोह देऊनही या बायकांचे रक्त वाढत नव्हते. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या प्राण्यांवर प्रयोग करता करता त्यांच्या लक्षात आले की यीस्टचा अर्क, म्हणजे ब्रिटिशांच्या पावावरचा स्वस्त मार्माइट, दिला की रक्त सुधारते. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला अनामिक घटक दहा वर्षांनी टनांनी पालक उकळून वेगळा केला गेला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड हे नाव पडले. पालक, हरभरा, मूग, चवळी यांत ते असते आणि फार शिजवल्याने बरेचसे जाते. ग्रहणात जी पालेभाजी चिरू नको म्हणून सांगितले, तिच्यातच ते होते.

डीएनए तयार करायला फोलेट लागते आणि भराभर विभाजन पावणाऱ्या पेशींना ते सर्वांत आधी कमी पडते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांत, आधीच्या बाळाला असा दोष होता अशा १,८१७ स्त्रियांवर चाचणी केली. रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून घेणाऱ्यांमध्ये दोष ७२ टक्क्यांनी कमी झाले. निकाल इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. साल १९९१. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या चाचणीने पहिल्या बाळातही हा दोष टाळता येतो असे दाखवले. अमेरिकेने १९९८ पासून पिठात फोलिक ॲसिड घालणे सक्तीचे केले. तिथे दरवर्षी सुमारे १,३०० बाळे या दोषापासून वाचतात असा अंदाज आहे. चाचणी ज्यांनी केली त्या ब्रिटनला मात्र असा निर्णय जाहीर करायला २०२१ उजाडले. सरकारी फाइल सगळीकडे सारखीच चालते.

आपल्याकडे कागदावर काय आहे? गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लोह-फोलिक ॲसिडची लाल गोळी मिळते. ती रक्तासाठी आहे आणि त्या कामाला ती उत्तम आहे. त्याआधी, गर्भधारणेच्या आधीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत, रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावे असेही ‘ॲनिमिया मुक्त भारत’च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहे. पण जी अजून गरोदर नाही, तिला ही गोळी द्यायची कोणी? तिचे कार्ड नाही, ती ओपीडीत येत नाही, आजारीही नाही. सूचना बरोबर आहे, फक्त तिच्यासाठी खिडकी उघडलेली नाही.

खिडक्या खरे तर दोन आहेत. एक म्हणजे शाळा-कॉलेजातल्या मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी. तिच्यात फोलिक ॲसिड आहे ५०० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची आठवडी गोळीसाठीची शिफारस २,८०० मायक्रोग्रॅमची आहे, आणि मज्जानलिकेच्या दोषाचा विचार करूनच ती केलेली आहे. तिच्यामागचा पुरावा रोजच्या गोळीइतका भक्कम नाही, हे मान्य. तरीही मुलीपर्यंत पोहोचणारी गोळी, पाणी, शिक्षिका, सगळी साखळी तयार आहे. बदलायचे आहे ते गोळीतले प्रमाण.

त्यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो पुण्यातूनच आलेला आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि मुलांचा १९९३ पासून पाठपुरावा केला. ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. २००८ चा हा निष्कर्ष निरीक्षणावर आधारलेला आहे, तो शेवटचा शब्द नव्हे. पण शाकाहारी किंवा दूध-अंडे न परवडणाऱ्या घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते, आणि फोलेट व बी-१२ पेशीत एकाच कामाला जुंपलेले असतात. तेव्हा फोलिक ॲसिड वाढवायचे असेल तर त्याच गोळीत बी-१२ घालणे शहाणपणाचे ठरेल. सरकारी लाल आणि निळ्या गोळीत ते नाही. या आक्षेपाच्या आडून काहीच न करणे मात्र परवडणारे नाही, कारण मज्जानलिका धोरण ठरेपर्यंत थांबत नाही.

दुसरी खिडकी आशा ताईंची. गावातल्या योग्य जोडप्यांची नोंद त्यांच्याकडे असते, नवे लग्न झालेले घर त्यांना माहीत असते, आणि पाळणा लांबवण्याविषयी बोलायला त्या तिथे जातातही. मूल नको असेल तर काय वापरायचे, हे त्या सांगतात. मूल हवे असेल तर काय घ्यायचे, हे सांगायची तीच वेळ आहे. पिशवीत निरोध आणि माला-एन सोबत फोलिक ॲसिडच्या गोळ्यांचे पाकीट ठेवायला वेगळी योजना, वेगळे उद्घाटन लागू नये. वाढीव कामाचा वाढीव मोबदला मात्र द्यावा लागेल. आशांवर आधीच किती वह्या लादल्या आहेत ते सर्वांना ठाऊक आहे.

गोळी घेतली म्हणजे दोष टळलाच, असेही नाही. आईचा मधुमेह, काही औषधे, आनुवंशिक कारणे यांमुळे तो गोळी घेऊनही राहू शकतो. उद्या ग्रहणाची जागा ‘गोळी घेतली नाहीस ना’ या वाक्याने घेतली, तर ओपीडीबाहेरचे ते दृश्य तसेच राहील.

सुरुवातीच्या त्या बाईची गोष्ट अहवालापाशी थांबत नाही. गर्भपात होतो किंवा बाळ जन्मते, आणि काही दिवसांनी तिला घरी सोडतात. डिस्चार्ज कार्डावर लोह, कॅल्शियम, टाके, पुढची तपासणी असे सगळे लिहिलेले असते. असा दोष एकदा झाला असेल तर पुढच्या वेळी तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. तिला ४०० मायक्रोग्रॅमची साधी गोळी पुरत नाही; पुढचे मूल हवे असे ठरल्यापासून, निदान एक महिना आधी, ४ मिलिग्रॅमचा डोस सुरू व्हायला हवा आणि तो पहिले तीन महिने चालू राहायला हवा. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी स्वस्तात मिळते आणि तीच दिली जाते. १९९१ ची ती चाचणी नेमकी अशाच स्त्रियांवर झाली होती. कार्डावर ही एक ओळ बहुतेक वेळा नसते.